पुढचे दोन अबाहंचे

ईदच्या सणाला मी मलेशियातल्या तेमरलोहला, आमच्या घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईबरोबर कबरस्तानात जाऊन परतले, तोवर अबाहंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या गाडीचे पुढचे दोन टायर बदलून टाकले होते.

"तुझी सणाची भेट," हात पुसत ते म्हणाले. अबाहंचं टायरचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले, मोटारसायकली आणि शेजाऱ्यांच्या साध्या गाड्या. "लिया, अगं, त्या टायरांना टक्कल पडलं होतं. नक्षी म्हणून राहिली नव्हती. रविवारी शर्यत आणि हे टायर?"

"अबाह, ते असेच असतात. कोरड्या ट्रॅकसाठी. नवे होते."

"नवे? मग विकणाऱ्यानं तुला टोपी घातली."

"आणि मागचे का ठेवलेत?"

"त्या मापाचे माझ्याकडे दोनच होते. नवं नेहमी पुढे घालावं."

"माझ्या गाडीचा जोर मागच्या चाकांवर असतो."

"जोर कुठेही असू दे. लोक बघतात पुढून."

मी डोळे मिटून घेतले. पुढे एका कंपनीचे खोल खाचांचे टायर, मागे दुसऱ्या कंपनीचे जवळजवळ गुळगुळीत. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं पकड धरणार, मागची सोडणार. सेपांगच्या ट्रॅकवरच्या या शर्यतीत जागा मिळायला मला दोन वर्षं लागली होती, आणि चारही टायर एकाच जातीचे नसतील तर तिथे तपासणीतच घरी पाठवतात.

"काढलेले कुठे आहेत?"

"माक सूला दिले. तिला हवेच होते."

माझी ही धाकटी आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहते. सणाच्या दिवसांत तिच्या घरात शिरायचं म्हणजे आधी जेवायचं. मटणाच्या रेंदांगचा पहिला घास तोंडात असतानाच मला खिडकीतून अंगण दिसलं. माझे दोन्ही टायर पिवळे रंगवलेले, पाणी निघायला बाजूंना भोकं पाडलेली, आत गवती चहाची रोपं.

"छान दिसतात ना?" माक सू म्हणाली. "अजून घे. किती वाळलीस!"

मी क्वालालंपूरच्या दुकानात फोन केला. तसले टायर सोमवारनंतर मिळणार होते.

घरी येऊन अबाहंना सगळं समजावलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या मालावर तुझा विश्वास नाही."

"तुमचा माल चांगला आहे. चारही तुमचे असते तर मी तक्रार केली नसती. दोन-दोन चालत नाही."

"टायर गोल असला की चालतो."

"बसा गाडीत."

नुकतीच सर येऊन गेली होती. चौकातल्या गोल वळणावर मी अगदी बेताच्या वेगानं वळले, तरी गाडीचं मागचं अंग बाहेर सरकलं. स्टिअरिंग उलटं फिरवून मी तिला सावरलं. अबाहंनी दारावरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि ते पुटपुटत दुवा मागत होते.

"रस्ताच खराब आहे," दांडी न सोडता ते म्हणाले.

"काल मी याच रस्त्यानं आले."

"काल पाऊस नव्हता."

मी गाडी कडेला घेतली आणि त्यांच्यासमोरच आयोजकांना फोन करून माझं नाव मागे घेतलं. अबाहंनी दांडी सोडली.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "आधी मला विचार. मी चारही मागवून ठेवीन."