बोटभर सैल

"वहिनी, वेलाचं कुंपण होतं हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?" वाशावर थाप मारत धाकटा दीर म्हणाला.

"तुमचे वासे तेवढे द्या. बाकीचं माझं मी बघते."

"दिले. वेल धरला तर तुमचे. नाही धरला तर माझा गोठा अडलाय, उपटून नेईन."

परसातल्या विहिरीचा कठडा ढासळून वर्ष होत आलं होतं. नवरा म्हणायचा, बघू. त्या बघू-बघूत पोर रांगायला लागलं. मग सुनेनंच विहिरीच्या अंगाला वासे रोवले, आडव्या काठ्या बांधल्या आणि पायथ्याशी भोपळा लावला. वेल दाटला की पोराला पलीकडं शिरता येणार नव्हतं.

वेल धरला, झपाट्यानं चढला. पण वारा सुटला की हिचा जीव खालीवर. जुन्या चादरीच्या चिंध्या काढून तिनं पेरापेराला गाठी मारल्या. गाठीवर गाठ. टोक दातात धरून आवळलेली.

एके दुपारी शेंड्यानं मान टाकली. हिनं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. बुडाशी चिखल झाला, तरी पानं लोंबतीच.

सासू गुडघे धरत आली, पानं बाजूला केली. खोड अंगठ्याएवढं जाड झालेलं आणि चिंधी त्यात रुतून काळी पडलेली.

"अगं पोरी, गळाच आवळलास की!"

"पडू नये म्हणून, आई..."

"बोट जाईल एवढं सैल ठेवायचं असतं. वाढणाऱ्या जिवाला जागा लागते."

सून नखानं गाठी सोडवायला गेली, तर वेलच हातात तुटून आला. अंड्याएवढं एक फळ होतं, तेही पिवळं पडून गळालं.

दिरानं वासे उपटले. माणूस वाईट नव्हता. जाताना पायानं खड्डेसुद्धा बुजवले. "मनाला लावून घेऊ नका, वहिनी. गोठा तरी किती दिवस थांबायचा?"

दार आणि विहीर यांच्यामध्ये आता नुसतं मोकळं परस.

संध्याकाळी चूल पेटवायची होती. तिनं उरलेली चिंधी घेतली, एक टोक दाराच्या खांबाला, दुसरं पोराच्या कमरेला. पोर हसत विहिरीकडं ओढ घेऊ लागलं.

"बोटभर सैल ठेव गं," सासू आतून म्हणाली.

तिनं गाठीत बोट घालून पाहिलं. जात होतं. एकदा विहिरीकडं पाहिलं.

बोट काढलं, टोक दातात धरलं आणि गाठ आवळली.