फ्रिजच्या दारावरचा चार

आमच्या आरोग्य कार्यालयाच्या तपासणी फॉर्मवर सातवा रकाना आहे : ‘फ्रिजचे तापमान (मोजून)’. ‘मोजून’खाली जाड रेघ आहे. मोजायचं म्हणजे फ्रिजमध्ये ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवायचा आणि पाच मिनिटं वाट बघायची. त्या दिवशी एका शाळेचं स्वयंपाकघर तपासत होते आणि माझी आणखी सहा बाकी होती. शाळेच्या फ्रिजच्या दारावरच्या पट्टीत हिरवा चार चमकत होता. मी चार लिहिला, सही ठोकली आणि स्वयंपाकीण काकूंनी केलेला चहा पिऊन निघाले. चहाला पाच मिनिटं मिळाली होती, हे विशेष.

आठ दिवसांनी त्या शाळेतली एकतीस मुलं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. दोघांना सलाईन लावावं लागलं. प्रत्येक घरी फोन करून ‘तीन दिवसांत काय काय खाल्लं?’ हे विचारायचं काम माझ्याकडेच आलं.

एक आई भडकली. “पोरगं पाणी बघूनही रडतंय, आणि तुम्ही याद्या कसल्या करताय?”

मी याद्याच केल्या. सगळ्यांत एकच गोष्ट होती : आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलेलं अंडी-बटाट्याचं सॅलड. प्रयोगशाळेलाही जंतू त्यातच सापडले.

साहेबांनी फाईल चाळली. “फ्रिज ठीक होता. तुमच्याच फॉर्मवर चार अंश आहे. म्हणजे हा त्या बाईंच्या हातांचा प्रताप. त्यांना काढायचं पत्र उद्या संध्याकाळी शाळेला जाऊ दे.”

स्वयंपाकघर सील करताना कुणीतरी फ्रिज बंद करून टाकला होता. त्यामुळे माझा चार हाच काय तो पुरावा. मी “हो सर” म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि मान डोलावणारा चोरच. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरंच असावं. रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

सकाळी थर्मामीटर आणि फाईलमधला तो फॉर्म घेऊन शाळेत गेले. मी फोन केला होता म्हणून काकू किल्ली घेऊन आल्या होत्या. मी सील काढलं, फ्रिज सुरू केला, आत पाण्याचा ग्लास ठेवला. गार व्हायला तीन तास द्यायला हवे होते. काकू तोवर घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसल्या. त्यांच्या बोटांची सालं निघाली होती.

“साबण जरा कमी लावा, काकू.”

“कसा कमी लावू, मॅडम? फ्रिज तुम्ही स्वतः बघितला होतात, तो चांगलाच असणार. माझ्याच हातून काहीतरी राहिलं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं हो.” त्यांनी पातेलं उपडं घातलं. “नातीला भरवायचं सोडलंय मी. शेजारीण येऊन भरवते.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. नोकरी डोळ्यांसमोर दिसत होती, आणि लाज वाटते सांगायला, पण नातीच्या आधी तीच दिसली.

तीन तासांनी दार उघडून थर्मामीटर बुडवला. पाच मिनिटं पूर्ण मोजली. तेरा. दारावर मात्र तोच हिरवा चार. पुन्हा बुडवला. तेराच.

“काकू, इकडे या. हे बघा.”

त्यांनी आधी आतला आकडा बघितला, मग दारावरचा. “मग त्या दिवशी तुम्ही चार कसा मोजलात?”

“मोजलाच नव्हता. दारावरचा बघून लिहिला. तुमचे हात स्वच्छ होते, काकू. चूक माझी आहे.”

काकूंनी ओल्या हातांनी फ्रिजचं दार लावलं. मग म्हणाल्या, “एकतीस लेकरं, मॅडम. आणि चार दिवस मी माझ्याच हातांना भीत होते. लिहा हे. आत्ता, माझ्यासमोर.”

मी ओट्यावर फॉर्म ठेवला. सातव्या रकान्याशेजारी लिहिलं : ‘त्या दिवशी मोजले नव्हते. दारावरचा आकडा लिहिला. आज मोजले : तेरा.’ खाली सही केली.

काकूंनी पदराला हात पुसले, कागद खिडकीशी नेला आणि सावकाश वाचला. मग परत आणून माझ्यासमोर ठेवला.

“ते ‘नव्हते’चं अक्षर नीट लागत नाहीये,” त्या म्हणाल्या. “परत लिहा.”

मी परत लिहिलं.