दिवाणाखाली सव्वातीन इंच

मिस्तरींच्या घरात झाडू मारणारं मशीन घ्यायचं ठरलं ते डॉक्टरांच्या एका वाक्यावरून. नातीला श्वास लागायचा. रात्री झोपेत तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले, "घरातली धूळ कमी करा, बाकी मी बघतो." बाकीचं त्यांनी काय बघितलं ते त्यांनाच ठाऊक, पण धुळीचा हिशेब मात्र सुनेनं त्याच संध्याकाळी मांडायला घेतला.

सून दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात उजेड धरायचा आणि कोपऱ्यात काय साचलंय ते बघायचं, ही सवय घरी आल्यावर थोडीच सुटते? तिनं मोबाइलचा उजेड कपाटामागं पाडला, फ्रिजखाली पाडला आणि शेवटी गुडघ्यांवर बसून हॉलमधल्या दिवाणाखाली पाडला. तिथं तो उजेड जरा जास्तच रेंगाळला.

दिवाणावर मिस्तरी बसले होते. त्यांनी मुकाट्यानं पाय वर घेतले.

आयुष्यभर लोकांची दारं, कपाटं, पलंग करून झाल्यावर मिस्तरींनी स्वतःच्या घरासाठी केलेली हीच काय ती एक वस्तू. त्याही उरल्यासुरल्या फळ्यांतून केलेली. ठेंगणा, रुंद दिवाण, खिडकीच्या कट्ट्यात बसवून भिंतीला पक्का ठोकलेला. उचलायचा म्हटलं तर तोडावाच लागला असता. पण दिवाणाची खरी किंमत लाकडात नव्हती, जागेत होती. तिथून दार दिसायचं, रस्ता दिसायचा, जिन्यावरची पावलं ऐकू यायची. स्वयंपाकघरात कोण कुणाला काय बोललं त्यातलं निम्मं कानावर पडायचं, उरलेलं निम्मं मिस्तरी पदरचं घालून पूर्ण करायचे. घरात येणारा माणूस, मग तो गॅसवाला असो नाहीतर सुनेची आई, आधी मिस्तरींच्या समोरून जायचा आणि दोन शब्द देऊनच पुढं सरकायचा. कंबरेचं हाड मोडल्यापासून मिस्तरींचं बाहेर जाणं बंद झालं होतं. दिवाण होता म्हणून ते जाणवत नव्हतं, इतकंच.

आतली खोलीही होती. मुलानं तिथं उंच पायांचा नवा पलंग टाकला होता, जाड गादी, वेगळा पंखा. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत.

"बाबा, तिथं शांत असतं," मुलगा अधूनमधून म्हणायचा.

"मला शांतता कशाला रे? मी काय परीक्षेला बसलोय?"

इतकं झालं की विषय तेवढ्यापुरता मिटायचा. आता डॉक्टरांनी तो परत उघडला होता, आणि डॉक्टरांना टोला हाणता येत नाही.

मुलगा मोबाइल घेऊन शेजारी बसला. "हे बघा बाबा. याच्या डोक्यावर टोपीसारखं असतं ना, त्यातून ते सगळं घर बघून घेतं. नकाशा काढतं. मग एक कोपरा सोडत नाही."

"उंची?"

"अठ्ठ्याण्णव मिलिमीटर."

मिस्तरींनी डोळे मिटले. त्यांचं डोकं इंचात आणि सुतात चालायचं. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, आणि एका सुतावरून त्यांनी तरुणपणी चांगली चांगली दारं परत उतरवली होती. "म्हणजे पावणेचार इंच आणि एक सूत," ते म्हणाले. "दिवाणाखाली सव्वातीन आहे."

मोबाइलची काच अंधारली तरी मुलगा तिच्याकडेच बघत राहिला.

"दिवाणाचं तुम्ही म्हणाल तसं हं बाबा," सून घाईनं म्हणाली. "तुम्हाला त्रास होईल असं काही करायचं नाही आपल्याला."

आणि ती मनापासून म्हणत होती, हीच तर पंचाईत होती. भांडणारी सून असती तर मिस्तरी चांगले कंबर कसून भांडले असते. हिच्याशी भांडायला कुठून सुरुवात करायची?

दुसऱ्या दिवसापासून मिस्तरींनी मशीनचा अभ्यास मांडला. नातीकडून मोबाइल चालवून घ्यायचे आणि एकेका मशीनची उंची विचारायचे. बाकी ते किती ओढतं, किती वेळ चालतं, पुसतं की नाही, त्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. संध्याकाळी शेजारचे पोस्टमास्तर गप्पांना आले, तरी हे सुरूच.

"मिस्तरी, तुम्ही मशीन निवडताय की जावई?" पोस्टमास्तर म्हणाले. "एवढी चौकशी मी मुलीच्या वेळी केली नव्हती."

"जावयाला दिवाणाखाली शिरायचं नसतं."

"शिरला असता तर मी ओळख ठेवली नसती, ते खरं."

शेवटी एक सापडलं. बिनटोपीचं, चपटं, बरोबर तीन इंच उंचीचं. वर दोन सूत मोकळे! मिस्तरींना आपल्याच वयाचा कुणी भेटल्यासारखं झालं.

सगळे मिळून दुकानात गेले; कितीतरी महिन्यांनी मिस्तरीही मुलाच्या आधारानं जिना उतरून गाडीत बसले. दुकानातल्या मुलीनं फरशीवर भुसा पसरला आणि दोन्ही मशीनं सोडली. टोपीवालं नुसतं एकदा गोल फिरलं, मग ओळीनं, एका रेषेत, शेतात नांगर धरावा तसं चाललं. चपटं भिंतीला धडकलं, वळलं, खुर्चीला धडकलं, परत भिंतीला. परक्या घरात रात्री उठून पाहुणा दिव्याचं बटण शोधतो, तशातली गत.

"ते कासव आंधळं आहे!" नात हसत सुटली, आणि हसता हसता खोकायला लागली. सुनेचा हात आपसूक तिच्या पाठीवर गेला. तो हात पाठीवरून फिरत होता आणि सुनेचे डोळे टोपीवाल्या मशीनवर होते.

मिस्तरींना दोन्ही दिसलं. कोणतं मशीन चांगलं हे कळायला त्यांना चष्म्याचीही गरज नव्हती. त्यांनी खिशातली टेप काढली, काठीवर भार देऊन जमेल तेवढे वाकले आणि चपट्याची उंची स्वतः मोजली.

"आजोबा, कंपनीनं लिहिलंय त्यावर," दुकानातली मुलगी म्हणाली.

"कंपनीनं लिहावं, आपण मोजावं. तीन इंच. दिवाणाखाली हेच जाईल."

"पण त्याच्यापेक्षा हे दुसरं..." मुलगी सुनेकडे वळली.

"बाबांनी ठरवलं म्हणजे ठरलं," सून म्हणाली. तिनं टोपीवाल्याकडे परत बघितलं नाही.

मिस्तरी जिंकले. घरी येताना गाडीत मात्र त्यांना पूर्वी कधीतरी वाटायचं तसं वाटत होतं. फळीतली गाठ भिंतीच्या बाजूला करून कपाट उभं करायचं, गिऱ्हाइकानं वा वा करत चहा पाजायचा, आणि तो चहा घशाखाली उतरायचा नाही.

पहिल्या दिवशी सगळं घर उभं राहून बघत होतं. चपटं मशीन धडकत, चाचपडत दिवाणापाशी आलं, क्षणभर थांबलं आणि आत शिरलं. बाहेर आलं तेव्हा त्याच्या पोटातल्या डब्यात धुळीची अख्खी गोधडी निघाली. दिवाणाच्या पोटातून एवढी धूळ निघाली म्हणून खरं तर मिस्तरींनी शरमायला हवं होतं, पण ते मुलगी पहिली आल्यासारखे सगळ्यांकडे बघत होते.

"तुमचंच बरोबर निघालं हं बाबा," सून म्हणाली.

"माप चुकत नाही, सूनबाई. माणूस चुकतो."

मुलानं मशीनला वेळ लावून दिली. सकाळी सगळे बाहेर पडले, नात शाळेत गेली की ते आपापलं निघायचं. नात घरात असताना धूळ उडायला नको, असं डॉक्टरांचं सांगणं होतं. त्या वेळी मिस्तरी खुर्चीत बसून पेपर वाचायचे आणि ते काम करतं की नाही यावर देखरेख ठेवायचे. काही दिवस असेच सुखात गेले.

मग एका सकाळी कंबर जरा जास्त दुखत होती म्हणून मिस्तरी खुर्चीत न बसता दिवाणावर आडवे झाले.

मशीन आलं. दिवाणाखाली शिरलं. मिस्तरींना पाठीखाली गुरगुर जाणवली, मग एक खरवडल्यासारखा आवाज झाला आणि गुरगुर थांबली. आतून बाईचा आवाज आला, अगदी अदबशीर.

"मी अडकले आहे. कृपया मला मदत करा."

"कुठं अडकलीस?" मिस्तरी म्हणाले. "सव्वातीन इंच आहे तिथं!"

"मी अडकले आहे. कृपया मला मदत करा."

मिस्तरी कुशीवर वळले आणि काठी खाली घालून चाचपू लागले. तेवढ्यात कंबरेत अशी चमक निघाली की काठी हातातून सुटली, घरंगळली आणि तीही दिवाणाखाली गेली. ते जसे होते तसे पाठीवर पडले. फळ्या करकरल्या. खालून परत तोच खरवडल्याचा आवाज आला.

तेव्हा मिस्तरींना उलगडलं. त्यांनी एक खांदा जरा उचलला; खालचं मशीन इंचभर सरकलं. खांदा टेकला, मशीन गच्च. सुतार माप घेतो ते रिकाम्या वस्तूचं. पलंगावर माणूस झोपवून खालची उंची मोजणारा सुतार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि स्वतःच्या भारानं आपल्याच फळ्या किती वाकल्यात हे विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दोन सूत मोकळे होते. ते दोन्ही त्यांच्याच पाठीनं खाल्ले होते.

मिस्तरींचा मोबाइल समोरच्या फळीवर चार्जिंगला होता. दिसत होता.

दाराची बेल वाजली. "आलो, आलो!" मिस्तरी ओरडले. आवाज दारापर्यंत पोचला असेल, पण ते पोचले नाहीत. बेल परत वाजली. मग पावलं जिना उतरून गेली. कोण होतं ते कळलं नाही. या घरात कोण आलं ते मिस्तरींना कळलं नाही, असं आजवर झालं नव्हतं.

"कृपया मला मदत करा," खालची बाई म्हणाली.

"अगं, मी तरी काय वेगळं म्हणतोय?" मिस्तरी छताला म्हणाले.

थोड्या वेळानं फळीवरचा मोबाइल वाजला, वाजून वाजून थांबला, आणि त्यांनी बोलणंही सोडलं. ती मात्र थकत नव्हती.

दारात किल्ली फिरली तेव्हा ऊन फरशीवरून सरकून भिंतीवर चढायला लागलं होतं. मुलगा धापा टाकत आत आला. त्याची नोकरी लिफ्टच्या कंपनीतली. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे फोन घ्यायचे आणि माणूस येईपर्यंत त्यांना बोलण्यात गुंतवायचं. आज त्याचंच बोलणं अडकत होतं.

"मोबाइलवर आलं, मशीन अडकलंय म्हणून. म्हटलं, बाबा बघतील. मग परत आलं. परत आलं. तुम्हाला फोन लावला तर तुम्ही उचलेनात..."

"त्यानं तरी कळवलं," मिस्तरी म्हणाले. "हात दे."

मुलानं पाठीखाली हात घालून त्यांना उठवलं, खुर्चीत बसवलं. दिवाणावरचा भार जाताच मशीन स्वतःच बाहेर आलं आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात स्वयंपाकघराकडे निघून गेलं. मुलानं वाकून काठी काढून दिली. मग चहा टाकला. दोघंही चहा पीत बसले.

"फळ्या जुन्या झाल्यात, बाबा."

"फळ्यांना नावं ठेवू नकोस. त्यांनी वाकायचं तेवढंच वाकल्यात."

"वेळ बदलू आपण. संध्याकाळची लावतो."

"संध्याकाळी पोरगी घरात असते. तिच्यासाठीच तर आणलंय ना?"

"मग तेवढा वेळ खुर्चीत बसाल? रोज बसताच की."

"आज नाही जमलं बसायला. उद्या जमेल याची हमी कोण देणार, तुझी लिफ्टची कंपनी?"

मुलगा हसला, पण हसू कपाच्या काठापाशीच संपलं. दिवाण तोडू या, असं तो म्हणाला नाही. आतल्या खोलीचं नावही त्यानं काढलं नाही. एकदा तरी काढावं, म्हणजे आपल्याला नाही म्हणता येईल, म्हणून मिस्तरी वाट बघत राहिले. शेवटी त्यांनाच तोंड उघडावं लागलं.

"आतल्या पलंगाखाली किती उंची आहे रे?"

"अकरा इंच," मुलगा म्हणाला.

लगेच म्हणाला. मिस्तरींनी त्याच्याकडे बघितलं. या मुलाला स्वतःच्या दाराची उंची ठाऊक नव्हती. पडदे आणायला जाताना दर वेळी विचारायचा. पलंगाखाली टेप घालून तो कधी ओणवा बसला असेल? मशीन आणल्यावर? की आणण्याच्या आधीच? मुलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मिस्तरींनी विचारलं नाही. विचारून जे उत्तर आलं असतं ते ऐकून त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं.

"अकरा म्हणजे भरपूर झाली," ते म्हणाले. "माणूस झोपला तरी अडचण नाही."

"थोडे दिवस बघू, बाबा. नाही आवडलं तर..."

"उशी घे. दोन्ही घे. पातळवाली डोक्याला, जाड पायाखाली."

मुलानं उशा उचलल्या, चादर खांद्यावर टाकली, चष्म्याची डबी आणि पेपर काखेत मारला. दिवाण उघडा पडला. मधे, जिथं मिस्तरी इतकी वर्षं बसत होते, तिथली गादी खोलगट दिसत होती. मशीन स्वयंपाकघरातून परत आलं, रिकाम्या दिवाणाखाली शिरलं आणि न थांबता दुसऱ्या टोकानं बाहेर पडलं.

मुलगा पुढं, मिस्तरी काठी टेकत मागं. आतल्या खोलीच्या दारापाशी मशीन मधेच आडवं आलं. चौकटीला धडकलं, वळलं, परत धडकलं. उशा छातीशी धरून मुलगा थांबला. मिस्तरीही थांबले. चौथ्या धडकेला त्याला वाट सापडली आणि ते खोलीत शिरलं. मग ते दोघं आत गेले.