दुसरी गोळी आहे

पट्टीच्या दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथ्या जागी, गोळी नव्हती. रांगेतल्या बाकीच्या आपापल्या फुगीर कप्प्यांत होत्या – फिकट पिवळ्या, गुळगुळीत, कडेला किंचित चपट्या. या एकाच कप्प्यात नुसती राखाडी चकाकी. तिनं पट्टी दिव्याखाली कलती करून पाहिली. राखाडीच. भरणीच्या यंत्रातून क्वचित एखादा कप्पा असा रिकामा सुटतो, पुढच्या कॅमेऱ्यालाही चकवतो, आणि मग त्याला पकडायला शेवटी माणसाचे डोळे लागतात. या कारखान्यात ते डोळे तिचे होते. तिनं पट्टी लाल ट्रेमध्ये ठेवली आणि पॅकिंगला फोन करून लाइन थांबवायला सांगितली.

पॅकिंगचे मामा आले. सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांनी पट्टी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला, मग पुन्हा नाकावर आणला.

"मॅडम, भरलेली आहे की हो."

"दुसरी रांग, चौथा कप्पा."

"तेच बघतोय मी. तुम्ही बोट लावून बघा."

तिनं बोट लावलं. गोळी होती. बोटाला लागत होती आणि डोळ्यांना दिसत नव्हती. नजर जराशी बाजूला, ट्रेच्या कडेवर नेली, तर कप्प्यात पिवळा ठिपका उमटला. सरळ त्याच्यावर आणली की विझला. तिनं मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचा डावा डोळाही दिसत नव्हता.

"शिणले असतील डोळे," मामा म्हणाले. "वर कळवू का, पट्टा सरकला होता म्हणून?"

"नको. चूक माझी म्हणून सांगा."

"सांगतो. पण इतकी वर्षं इथं काढली मी, नसलेली गोळी आहे म्हणणारे पुष्कळ पाहिले. असलेली नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." ते हसले, आणि ती हसली नाही हे पाहून हळूच दार ओढून गेले.

ती तोच ट्रे घेऊन नमुन्यांच्या खोलीत जाऊन बसली. डोळे मिटले तरी नजरेतला तो आंधळा ठिपका तिथंच. आता त्याला कड फुटली होती – करवतीच्या दात्यांसारखी, लखलखती, हळूहळू बाहेर सरकणारी. ही कमान नजरेच्या काठापर्यंत जाईल, काठावरून घरंगळेल, आणि मग डाव्या कानशिलात ठोके सुरू होतील. क्रम ठरलेला होता. दोन वर्षं हा क्रम चालू होता आणि दोन वर्षं ती त्याला अतिनील दिव्याची करणी समजत आली होती… आधी तिनं दिव्याची नळी बदलून घेतली. मग गॉगल. मग तक्रार करून टेबल खिडकीपासून दूर नेलं. निकाल विचित्र आला तर आधी यंत्र तपासावं हे तिच्या अंगवळणी पडलेलं. तिनं यंत्र तपासलं, खोली तपासली, उजेड तपासला. खोलीत तपासायची राहिली होती ती एकच वस्तू, आणि ती खुर्चीवर बसलेली होती.

खरं कारण मान्य केलं असतं तर पुढचं वाक्यही मान्य करावं लागलं असतं. डोकेदुखीच्या आधी अशा चमकत्या रेषा दिसणाऱ्या बाईनं दोन संप्रेरकांची गर्भनिरोधक गोळी घेऊ नये – मेंदूत रक्ताची गुठळी अडकण्याचा धोका वाढतो – हे या इमारतीत कुणाला माहीत नव्हतं? आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलंही होतं, अगदी रीतसर, पेन उघडून: डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं काही येतं का? तिनं तोंड उघडण्याआधी शेजारच्या खुर्चीवरून नवऱ्यानं उत्तर दिलं होतं, "अहो, दिवसभर दिव्याखाली डोळे घालून बसते ती. येणारच." डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. डोळे कुणाचे, उत्तर कुणाचं… आणि तिनं तिथं मान हलवली. हलवली, कारण नाही म्हटलं असतं तर घरी जाऊन पुन्हा तेच विचारावं लागलं असतं, आणि पुन्हा तेच "बघू" ऐकावं लागलं असतं.

बघू. धाकटी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं की पुरुषाची शस्त्रक्रिया अगदी लहान, जागा बधिर करून, त्याच दिवशी घरी. तो मन लावून ऐकत होता, मध्येच एक शहाणा प्रश्नही विचारला. बाहेर येऊन म्हणाला, बघू. मग ऑफिसची जागा बदलायची होती. मग गुडघा. मग म्हणाला, त्यानंतर म्हणे जड उचलता येत नाही. नकाशे काढणारा माणूस; पेन्सिलीहून जड त्यानं काय उचललं होतं आयुष्यात?

आणि तोवर गोळी. एवढीशी तर गोळी.

पहिली जुन्या धाटणीची होती, भरपूर इस्ट्रोजेनची. सकाळी दात घासताना पोटातून उलटून यायचं. दुसरी आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कमी मात्रेची. तिच्यावर महिन्याच्या मध्येच डाग पडायचे. मग तीन रंगांची, दर रंगाला निराळी मात्रा, शरीराच्या चढउताराची नक्कल करणारी – आणि शरीर त्या नकलेला फसेना. मग इस्ट्रोजेन मुळीच नसलेली, ती रोज ठरल्या वेळी घ्यायची, खंड नाही. डोकं तेवढं शांत होतं तिच्यावर, पण रक्तस्राव मनाला येईल तेव्हा. "हे आता कायमचंच का?" त्यानं विचारलं होतं, चादर बदलताना नाकाला सुरकुती घालून, आणि पुढच्या महिन्यात तिची गोळी बदलली. त्याच्या नाकापायी. मग ही, पिवळी.

गोळ्यांचे इतके प्रकार. चांगली माणसं राबली होती त्यांच्यामागं, तिला ठाऊक होतं, तिनं त्यांचं काम वाचलेलं होतं. कितीजणींची सुटका झाली होती या इवल्या वस्तूनं. गोळीवर तिचा राग नव्हता. पण प्रत्येक तक्रारीला उत्तर म्हणून नवी मात्रा, नवा रंग, आणि दर वेळी ते उत्तर एकाच तोंडात घालायचं. सुरी सोन्याची झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही. तिनं घेतली होती, आणि वर तिची धारही तीच रोज तपासत होती.

कमान काठावरून गेली. ठोके सुरू झाले. ट्रेमधली पट्टी आता पुरती दिसत होती, चौथ्या रांगेसकट. चौथ्या रांगेतल्या गोळ्या पांढऱ्या, त्यांत औषध नसतं. त्यांचीही चाचणी होते: आत काही नाही ना, हे तिला दरवेळी सिद्ध करावं लागे. औषधाला खंड असला तरी बाईला खंड नको, तिची सवय मोडू नये, म्हणून रिकाम्या गोळ्या. तिच्या सवयीची एवढी काळजी! आणि जो माणूस वर्षानुवर्षं विसरतो आहे, त्याच्यासाठी कुणीच काही बनवलं नव्हतं, एक पांढरी गोळीसुद्धा नाही.

संध्याकाळी जेवण उरकून मुली आतल्या खोलीत गेल्या. टेबलावर त्यानं पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता. हा त्याचा नेम. यात त्यानं कधी कसूर केली नाही. एकदा पाहुण्यांसमोर म्हणालाही होता, आमच्याकडं सगळं निम्मंनिम्मं असतं. गोळी तिची, पाणी त्याचं.

"डोकं?" त्यानं विचारलं. तो ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत होता, सालं कागदावर नीट गोळा करत.

"हो."

"आज पुन्हा? तुझ्या त्या दिव्याचं काहीतरी कर बाई."

"दिव्याचं नाही ते." तिचा आवाज तिला जरा लांबून आल्यासारखा वाटला, पण स्थिर होता. "आज भरलेली पट्टी मी रिकामी ठरवली. लाइन थांबवली. समोरची गोळी मला दिसत नव्हती."

ब्लेड थांबलं. "म्हणजे?"

"म्हणजे गोळीमुळं. कुठलीतरी शीर कधीतरी बंद पडेल. कदाचित नाहीही पडणार."

त्यानं ब्लेड खाली ठेवलं. खरंच घाबरला होता. ते पाहून तिला एक क्षण, जुन्या सवयीनं, त्याचीच समजूत घालावीशी वाटली. तिनं ती इच्छा येताना पाहिली आणि जाऊ दिली.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं?" तो म्हणाला. "उद्याच जाऊ. डॉक्टरीणबाईंकडं असेल ना दुसरी एखादी. ती मागची, बिनइस्ट्रोजेनची… तिच्यावर तुझं डोकं बरं होतं की."

त्याला नाव आठवत होतं. इतकी वर्षं, सगळं आठवत होतं.

तिनं ग्लास उचलला आणि पाणी सावकाश, तळापर्यंत, नुसतंच प्यायली. मग ग्लास त्याच्या बाजूला ठेवला.

"दुसरी आहे," ती म्हणाली. "तिसरीही आहे. चांगल्या आहेत, मीच पास करते त्या. पण मी घेणार नाही. आजपासून कुठलीच नाही."