बंदरावरच्या भोंग्याची कबुली

मित्रांनो, मासळीबंदरातल्या लिलावाच्या शेडवर एक गंजका भोंगा लटकलेला दिसतो ना, तो मी. हसू नका, एके काळी माझाही रुबाब होता. कुठली बोट आली, कुठला माल लिलावाला लागला, हे लोक माझ्याकडूनच ऐकत. मागून बोलायचे लिलाववाले दादा, पण शाबासकी मला मिळायची. "भोंगा बोलला म्हणजे झालं," असं लोक म्हणायचे. त्याचीच आता मला लाज वाटते.

तेव्हा आपला देश शेजारच्या देशांच्या व्यापारसंघात होता. आपला माल सरहद्दीपलीकडे बिनदिक्कत जाई, पण त्यांच्या बोटीही आपल्या पाण्यात मासे धरत. ते आमच्या लोकांच्या डोळ्यांत खुपायचं. संघ सोडायचा का, यावर मतदान ठरलं. दादांनी मला टेंपोवर बांधलं आणि "समुद्र आपला, मासळी आपली" म्हणत मी गल्लोगल्ली घसा फोडला. काय चेव चढला होता मला!

चौकात दादांच्या धाकट्या बहिणीने टेंपो अडवला. ती आणि तिचा नवरा खेकडे धरायचे. इथे खेकडे फारसे कुणी खात नाही, त्यामुळे त्यांचा सगळा माल जिवंतच पलीकडे जायचा.

"दादा, माझा माल जाईल ना पहिल्यासारखा?"

दादांना ठाऊक नव्हतं. ते क्षणभर अडखळले, ते मला कळलं. पण समोर गर्दी होती. "जाईल गं, उलट दुप्पट जाईल," ते म्हणाले, आणि मी ते साऱ्या चौकाला ठणकावून ऐकवलं. ताईने मान डोलावली. संघ सोडण्याच्या बाजूने मत देऊन आली.

संघ सुटला. परक्या बोटी थोड्या कमी झाल्या, हे खरं. पण आपला माल आता संघाबाहेरचा ठरला, म्हणून खेकड्यांच्या प्रत्येक खेपेला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागू लागला. एका कागदावर सही राहिली आणि ट्रक सरहद्दीवर दोन दिवस अडकला. खेकडे मेले. असं तीनदा झालं, तेव्हा पलीकडच्या व्यापाऱ्याने दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली.

ताईने बोट विकायला काढली. लिलाव दादांनीच पुकारायचा होता. त्यांनी माइक हातात घेऊन चालू केला. मी नुसता खरखरत राहिलो. शेवटी ताईनेच त्यांच्या हातातून माइक घेतला.

"इंजिन चांगलं आहे," ती म्हणाली. "डाव्या बाजूने थोडं पाणी झिरपतं, ते आधीच सांगते. मागाहून कुणी फसलो म्हणायला नको."

दादांनी मान खाली घातली. मला तर घालायला मानही नाही.

मित्रांनो, मला रंग लावा, तेलपाणी करा, असं मी म्हणत नाही. एवढंच करा, कुणी विश्वासाने काही विचारलं आणि तुम्हाला ठाऊक नसेल, तर तसं सांगा. त्या दिवशी दादा नुसतं "माहीत नाही" म्हणाले असते, तर तेही मी चौकभर पोचवलं असतं.