शेवटची फळी

"जावईबापू, फळी नीट धरा. आता सांगतो त्यावर तुमचाच काय, कुणाचाच विश्वास बसणार नाही. मागच्या मोठ्या वादळात हे घर वाचलं, ते घराला दार नव्हतं म्हणून!"

जावईबापूंनी खिडकीवर फळी दाबून धरली आणि ते हसले. सकाळपासून भोंग्याची गाडी गल्लीत ओरडत फिरत होती: वादळ येतंय, घरं सोडा, शाळेत चला. माणसं न्यायला टेम्पो कोपऱ्यावर येऊन थांबला होता. आत मुलगी तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळत होती, आमची ही गाठोडी बांधत होती. आणि आम्ही सासरा-जावई म्हणत होतो, एवढी एक खिडकी. मी जन्माचा सुतार. सुताराचं 'एवढी एक' कधी संपत नाही.

"दार नव्हतं म्हणजे? कुणी नेलं?"

"मीच काढलं. खिळा द्या, सांगतो."

तेव्हाही असाच भोंगा ओरडला होता. मुलीचा तेव्हा जन्मही नव्हता. मी म्हटलं, आधी घर बंद करू, मग जाऊ. गावभरच्या घरांना माझी दारं, आणि माझ्या घराच्या खिडक्यांना धड झडपा नाहीत. सुताराचंच घर ते. मी अंगणातल्या होत्या नव्हत्या त्या फळ्या खिडक्यांवर ठोकल्या. त्या संपल्या तसं कपाट मोडलं. ते पुरेना म्हणून पाट, मांडणी, पोळपाटसुद्धा.

"पोळपाट मी दिला नव्हता," आतून हिचा आवाज आला.

"बरं, पोळपाट वाचला. पण वारा मोठा चिकट, जावईबापू. एक फट बुजवली की दुसरीतून शीळ घालायचा. शेवटी मी आईची खाट मोडली."

माझ्या आईला अर्धांग झालेलं. उजवी बाजू गेली होती, जीभ मात्र दोन्ही बाजूंनी शाबूत. तिला गादीवर खाली निजवलं आणि खाटेच्या फळ्या मागच्या खिडकीला मारल्या. ती पडल्या पडल्या बघत होती.

"खाट मोडलीस?" ती म्हणाली. "आता मला न्यायचं कशावर रे मुडद्या? तुझ्या टकलावर?"

"टेम्पो दारात येईल, आई."

"हो, टेम्पोवाला तुझा मेहुणाच लागतो."

शेवटचा खिळा मारून मी कोपऱ्यावर धावलो. टेम्पो नव्हता. मी वाऱ्यात उभा राहून हाका मारल्या, त्या माझ्याच तोंडात परत आल्या. गल्लीत एकाही घरात दिवा नाही, आणि नाल्याचं पाणी आमच्या पायरीला लागलेलं. परत आलो तर ही आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "आला?" मी मान हलवली.

पाठुंगळी घेऊन पाहिलं. आईला धरता येईना, ती एका बाजूला कलंडायची. गादीवरून ओढून पाहिलं, तर गादी भिजून दगड झाली. खाट खिडकीला, कपाट खिडकीला. खिडक्यांवरच्या फळ्या आता काढाव्या तर बाहेरून वारा त्यांना छाताडानं दाबून बसलेला. घरात एकच फळी उरली होती. दार.

आयुष्यभर मी दारं बसवली, काढलं हे पहिलंच. बिजागऱ्या गंजलेल्या, स्क्रू जागचा हलेना. पटाशी घेऊन चौकटच फोडली. ही म्हणाली, "अहो, दार काढलं तर घर जाईल." आई म्हणाली, "जाऊ दे. नाहीतरी वाकडंच बांधलंय."

दार निघालं आणि वारा आत आला. जावईबापू, काय सांगू! पाहुण्यासारखा आला. भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ चालू केलं, पातेल्यातली आमटी ढवळली आणि माझी वाळत घातलेली विजार घेऊन मागच्या फटीतून निघून गेला. ती विजार पुढं पोस्टाच्या छपरावर सापडली, इस्त्री केलेली!

जावईबापू खो खो हसले. कोपऱ्यावर टेम्पोनं भोंगा वाजवला.

"अहो, आवरा आता," ही आतून म्हणाली.

"एवढं संपवू दे गं."

आईला दारावर घातलं, चादरीनं आवळून बांधलं. पुढचं टोक मी धरलं, मागचं हिनं. गुडघाभर पाणी होतं ते नाल्यापाशी छातीला लागलं, आणि दार तरंगायला लागलं. होडीच झाली! डोक्यावरून एक कोंबडी उलटी उडत गेली, पण तिनं अंडं टाकलं ते सरळ.

"कावळा होता," ही म्हणाली. ती आता उंबऱ्यात येऊन उभी होती. काखेत गाठोडं, खांद्यावर बाळ. मुलगी तिच्या मागं.

"कावळा तर कावळा. पण आई! आई राणीसारखी पडलेली आणि मला हाकत होती. डावीकडं, गाढवा! खांब आलाय, आंधळा आहेस का? थांबू नकोस, थांबलास तर बघ! वाऱ्यानं आवाज चिरका झाला होता, पण शिव्या अस्सल तिच्याच. खरं सांगतो, त्या अंधारून आलेल्या पाण्यात खाली बसावंसं वाटत होतं. दर वेळी बसायला जावं आणि मागून शिवी यावी. त्या शिव्यांच्या दोरीला धरून मी शाळेपर्यंत गेलो."

"आणि मग?"

"मग काय? शाळेत गेल्या गेल्या आईनं चहा मागितला. त्यात साखर कमी म्हणून हेडमास्तरांना झापलं. दुसऱ्या दिवशी मी दार डोक्यावर घेऊन आलो, बघतो तर घर जागच्या जागी. दार नव्हतं ना, वारा एकीकडून आला नि दुसरीकडून गेला. त्याला राग धरायला काही सापडलंच नाही. आई पुढं कितीतरी वर्षं जगली आणि मरेपर्यंत खाटेवरून मला बोलत राहिली. हेच ते दार!" मी दारावर थाप मारली.

जावईबापू डोळे पुसत हसत होते. त्यांनी भिंतीला टेकवलेली पुढची फळी उचलली. "मग घाई कशाला, मामा? मागची खिडकीही मारून घेऊ. टेम्पो आणखी एक फेरी मारेलच. नाहीच आला तर दार आहे की आपलं."

मी हातोडी उचलली. टेम्पोचा भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांबवर.

हिनं बाळ मुलीच्या हातात दिलं. पुढं येऊन जावईबापूंच्या हातातली फळी काढून घेतली आणि जमिनीवर ठेवली.

"खोटं आहे," ती म्हणाली. "हे दार नंतर केलंय. ते दार सासूबाईंबरोबर सरणावर गेलं."

जावईबापूंचं हसू थांबलं. मी म्हटलं, "अगं, गोष्ट आहे ती."

"सगळी वर्षं गोष्टच ऐकली मी. कोंबडीचा कावळा केला, बाकी काही बोलले नाही." ती माझ्याकडं बघत नव्हती, जावयाशी बोलत होती. "हे पुढं होते, यांना दिसलं नाही. मी मागं होते. सासूबाई नाल्यापाशीच गेल्या. त्यांचं तोंड पाण्याखाली गेलं, आणि मला एका हातानं उचलता येईना."

"मग शिव्या?" जावईबापूंनी विचारलं.

"त्या माझ्या होत्या. हे थांबले असते, तर आम्ही दोघंही तिथंच राहिलो असतो." ती माझ्याकडं वळली. "ठेवा ती हातोडी, गाढवा. चला."