थंड कॉफीची बरणी

दुकानात शिरल्या शिरल्या दादा विक्रेत्याला म्हणाला, "वडिलांसाठी हवंय, पण चालवणार आम्हीच." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आम्हीच चालवणार, तर आलो कशाला? अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचा डावा हात लुळा पडलाय. एकदा उकळतं पाणी पायावर सांडलं, तेव्हापासून दादा त्यांना शेगडीजवळ फिरकू देत नाही. जन्मभर लेथवर लोखंड कातलेला हा माणूस आता कपभर काळ्या कॉफीसाठी कुणी उठेल का, याची वाट बघत बसतो. म्हणून तर मी हे कोल्ड ब्रू शोधून काढलं. रात्री गाळणीत कॉफी घालायची, गार पाणी ओतायचं, सकाळी प्यायची. जाळ नको आणि कुणाचे उपकारही नकोत.

दादाचं मन बसलं ते एका काचेच्या मनोऱ्यावर. वर बर्फ, खाली थेंब थेंब कॉफी, बाजूला पितळी तोटी. "बाहेरच्या खोलीत काय शोभेल!" विक्रेताही त्याच्याशीच बोलत होता. बाबांना बाजूच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं.

"तोंड आहे त्यांना," मी खेकसले. "त्यांना विचारा की!"

"ताई, चिडू नका..."

"मग काय टाळ्या वाजवू?"

"झालं हिचं सुरू," दादा म्हणाला.

मी फळीवरची एक साधी, जाड बरणी उचलली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. "उघडून बघा, बाबा. उघडली तर हीच घ्यायची."

बाबांनी ती गुडघ्यांत दाबून धरली आणि उजव्या हाताने झाकण फिरवलं. हललं नाही. पुन्हा फिरवलं. बोटं पांढरी पडली, कपाळावरची शीर तटतटली. मला बघवेना. मी वाकून झाकणाला हात घातला.

बाबांनी फाडकन माझ्या हातावर मारलं.

"दुसऱ्यांवर ओरडतेस आणि स्वतः तेच करतेस? हो बाजूला!"

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. बाबांनी बरणी विक्रेत्यापुढे धरली. "ही नको. आटे फार घट्ट आहेत. दुसरी दाखव."

विक्रेता आता त्यांच्यासमोर वाकला. "कशी दाखवू, काका?"

"एका हाताने उघडेल अशी. आणि आधी या दोघांना बाहेर काढ."

आम्ही दोघं बाहेर जाऊन उभे राहिलो.